पडद्यावरच्या तीन ओळी

११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझ्या जुलैच्या पत्राला फेब्रुवारीत उत्तर देतेय. उशिराची कारणं तीनदा लिहून काढली आणि तिन्ही वेळा मलाच पटली नाहीत, म्हणून नुसतंच माफ कर. फोन करता आला असता, पण फोनवर तू कायम चौकात उभा असतोस आणि "बोल पटकन" म्हणतोस. मला पटकन बोलायचं नाहीये.

एक विचारायचंय. रस्त्यावर एखादी गाडी थांबवून तू हातातल्या मशीनवर नंबर टाकतोस, तेव्हा तुला नेमकं काय काय दिसतं?

विचारण्याचं कारण बाबा. मागच्या मंगळवारी ते मला न्यायला चष्म्याच्या दुकानाकडे येत होते. गाडीचा मागचा एक दिवा लागत नव्हता, म्हणून एका तरुण पोलिसाने थांबवलं. बाबांनी कागद दिले. चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस, कागद कसे प्लास्टिकच्या पाकिटात क्रमाने लावलेले असतात ते तुला ठाऊक आहे. आधी पोलीस नीट बोलत होता. "काका, दिवा तेवढा बदलून घ्या" वगैरे. मग त्याने मशीनवर नंबर टाकला आणि त्याचा सूर बदलला. म्हणाला, "आजोबा, वर्षभरात तीन? दोनदा सिग्नल तोडलाय, एकदा वेग. घरात दुसरं कोणी नाही का गाडी चालवायला?"

बाबा म्हणाले, "माझं नसेल ते." त्याने पडदा बाबांपुढे धरला. नाव बाबांचं, फोटो बाबांचा, खाली तीन ओळी. बाबांनी खिशातल्या पावतीच्या पाठीवर तिन्ही तारखा उतरवून घेतल्या.

दुकानासमोर गाडी लावून ते ड्रायव्हरच्या जागेवरून उतरले आणि फेरी मारून शेजारच्या जागेवर बसले. "चालव तू," एवढंच. तेव्हापासून किल्ली खिळ्याला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाबा दुकानात, माझ्या तपासणीच्या खोलीबाहेर, बाकीच्या गिऱ्हाइकांबरोबर नंबर लावून बसलेले. मी डोळे तपासले. सगळ्यात खालची ओळ चष्मा लावून सलग वाचली, कडेचंही नीट दिसतंय. म्हटलं, "बाबा, बाहत्तराव्या वर्षी असे डोळे मी फार पाहिले नाहीत." मला वाटलं खूश होतील. ते म्हणाले, "म्हणजे डोळे नाहीत," आणि उठून गेले.

दंड तिन्ही वेळच्या वेळी भरलेले आहेत. मग त्या ओळी अजून का दिसतात? त्या काढून टाकता येतात का? आणि काढायच्या तर कोणाला भेटावं लागतं?

मावशीचा गुडघा कसा आहे?

तुझी,
खोडरबर


२४ फेब्रुवारी

चि. खोडरबर,

शाळेत एक ओळ लिहून तीनदा खोडायचीस, म्हणून ते नाव पडलं. आता पोलिसांच्या नोंदीही खोडायला निघालीस. प्रगती आहे.

आई बरी आहे. गुडघा नवा, तक्रारी जुन्या.

तर मशीन. लायसन्सचा नंबर टाकला की माणसाचं नाव, फोटो, पत्ता, मुदत, कोणतं वाहन चालवायची परवानगी आहे ते, आणि लायसन्स कधी रोखलं असेल तर तेही. गाडीचा नंबर टाकला की मालक, विमा आणि न भरलेले दंड. आणि त्या माणसाच्या नावावरचे मागचे गुन्हे: तारीख, वेळ, चौक, कलम. दंड भरला की ओळ पुसली जात नाही, पुढे "भरला" असं लागतं. लोकांना वाटतं पैसे दिले की झालं. पैशाने थकबाकी जाते, गोष्ट घडली होती ती घडलेलीच राहते.

काय दिसत नाही तेही सांगतो. का घडलं ते नाही. गाडीत आजारी माणूस होता का, सिग्नल खराब होता का, काही नाही. तिथे उभ्या पोलिसाला दीड मिनिटात जे दिसतं त्यावर समोरचा माणूस कसा आहे हे ठरवायचं असतं. खोटं कशाला बोलू, तीन ओळी दिसल्या की माझाही सूर बदलतो. त्या पोराला दोष देऊ नकोस.

ओळी काढता येत नाहीत. नोंदच चुकीची असेल तर अर्ज करून दुरुस्त होते, पण त्यासाठी चूक दाखवावी लागते. काकांच्या बाबतीत मला वाटतं, वय झालं. माझे वडीलही शेवटी शेवटी लाल दिवा बघून "पिवळा होता" म्हणायचे. काकांनी स्वतःहून किल्ली ठेवली हे त्यांचं मोठेपण आहे. तू त्यांना परत गाडीवर बसवायच्या मागे लागू नकोस. मी त्यांनाही वेगळं पत्र टाकलंय. गाडी सोडण्यात कमीपणा नाही, असं लिहिलंय. माझ्याकडून आलं की बरं वाटेल त्यांना.

तुझा,
दादा


४ मार्च

चिरंजीव हवालदारसाहेब यांस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. तू खात्यातला माणूस आहेस आणि तुलाही तसंच वाटतं म्हटल्यावर माझ्या मनात किंतू राहिलेला नाही.

डेपोत आमचं एक होतं. रोज फेरी संपली की गाडीच्या वहीत लिहायचं: किती वाजता निघालो, कुठे थांबलो, ब्रेक कसा लागला. एखाद्या दिवशी वरच्या साहेबाने विचारलं तर आपल्याला काय आठवतं ते कोणी विचारत नसे, वही उघडत. वहीत आहे ते झालं, नाही ते झालं नाही. मी पोरांना हेच शिकवलं. आता उलटं झालं म्हणून मी वही खोटी म्हणायची का?

त्या तीन तारखा लिहितो. २ जून सकाळी सव्वानऊ, सिग्नल. १९ ऑक्टोबर सकाळी नऊ चाळीस, सिग्नल. ८ जानेवारी सकाळी नऊ वीस, वेग. मला तिन्हींपैकी एकही आठवत नाही. चूक केली याचं तेवढं वाटत नाही. केलेली आठवत नाही, त्याने झोप उडाली. डोळे चांगले आहेत, आमच्या पोरीने तपासले. म्हणजे दोष डोक्यात आहे. डोक्याच्या डॉक्टरची येत्या नाही, त्यापुढच्या सोमवारची वेळ मिळाली आहे. लायसन्स परत करण्याचा अर्जही लिहून ठेवला आहे.

पोरीला यातलं जास्त बोलत नाही. ती आधीच गप्प गप्प असते.

तुझ्या आईस नमस्कार.


९ मार्च

ताई,

काकांचं पत्र सोबत पाठवतोय. परत पाठव.

१९ ऑक्टोबरला आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. काका आदल्या दिवशी एसटीने माझ्याकडे आले आणि वीस तारखेला परत गेले. एकोणीसला सकाळी नऊ ते दुपारी दोन ते ऑपरेशन थिएटरच्या बाहेर माझ्या शेजारी बसले होते. मी स्वतः त्यांना दोनदा चहा आणून दिला. माझ्या रजेची नोंद आहे. काकांना तो दिवस ऑपरेशनचा म्हणून आठवत असणार, तारखेने नाही.

तुमची गाडी त्याच दिवशी नऊ चाळीसला तुमच्या गावात सिग्नल तोडते.

ती कोण चालवत होतं?

तुझ्या पहिल्या पत्रात "दंड वेळच्या वेळी भरलेले आहेत" असं वाक्य आहे. कोणी भरले ते नाही. वीस वर्षं जबाब वाचतोय मी. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण तू आहेस म्हणून लक्ष दिलं नाही.

दादा


१८ मार्च

दादा,

मी चालवत होते. तिन्ही वेळा.

हे वाक्य कागदावर यायला नऊ महिने लागले, म्हणून ते वेगळं लिहिलं. आता बाकीचं.

बाबांच्या गाडीच्या कागदांना माझा मोबाइल नंबर जोडलेला आहे, कारण आई गेल्यावर कागदपत्रांचं सगळं मीच बघते. कॅमेऱ्याने पकडल्याचा पहिला निरोप माझ्याकडे आला. भरायला गेले तर तिथे एक रकाना होता: गाडी मालकच चालवत होता का? नाही म्हटलं तर स्वतःचा लायसन्स नंबर द्यायचा आणि कार्यालयात जायचं. होय म्हटलं तर एक खूण आणि विषय संपला. मी खूण केली. मनाशी म्हटलं, बाबांना कळून उगीच वाईट वाटायला नको. पण त्यांना कळू नये यासाठी खूण करायची गरजच नव्हती. खरं कारण वेगळं होतं. दुकानाची डोळे तपासायची व्हॅन गावोगाव मी घेऊन जाते, आणि त्या कामाला कोरं लायसन्स लागतं. दुसऱ्या वेळी विचारही केला नाही. तिसऱ्या वेळी तर रकाना नीट वाचलाही नाही.

तुझं पत्र शनिवारी आलं. सोमवारी बाबांची तपासणी होती. दादा, मी ते पत्र पर्समध्ये ठेवून त्यांच्याबरोबर गेले. आतमध्ये दोन तास त्यांना शब्द लक्षात ठेवायला लावले, शंभरातून सात सात वजा करायला लावले, घड्याळ काढून अकरा दहा दाखवायला सांगितलं. बाबांनी विचारलं, "गाडी सुटायची वेळ की पोचायची?" डॉक्टरीणबाई हसल्या. बाहेर बाकावर मला ऐकू येत होतं. उठून आत जायला चार पावलं होती. मी गेले नाही.

बाई म्हणाल्या, वयाच्या मानाने स्मरण उत्तम आहे. मला हायसं वाटलं, वाटलं की आता न सांगताही भागेल. हेही तुला लिहून ठेवते, कारण ते तसंच वाटलं होतं.

परत बसने आलो. बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. ड्रायव्हर ब्रेक मारायचा तेव्हा त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. थोड्या वेळाने म्हणाले, "स्मरण चांगलं आहे म्हणते. मग त्या तीन गोष्टी गेल्या कुठे? नुसतं विसरलो असतो तर बरं होतं. हे काहीतरी वाईट आहे."

तेव्हा सांगितलं. बसमध्ये, हळू आवाजात, कंडक्टर शेजारी उभा असताना.

त्यांनी विचारलं, "पुढचा थांबा आपला आहे का?"

"नाही."

ते उठले आणि उतरले. मीही उतरले. चार थांब्यांचं अंतर ते पुढे आणि मी दहा पावलं मागे. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "सिग्नल तोडलास ते तोडलास. घाई असते माणसाला. पैसे भरलेस, तेही ठीक. पण मी तुझ्या दुकानात नंबर लावून बसलो होतो. तू माझ्या डोळ्यात बॅटरी मारून बघितलंस, माझ्यापासून एक वीत अंतरावर, आणि म्हणालीस डोळे चांगले आहेत."

मी म्हटलं, "हो."

"आणि आज दोन तास मी घड्याळं काढत होतो."

"हो बाबा."

"बरं," म्हणाले, आणि आत जाऊन लायसन्स परत करण्याचा अर्ज फाडला. तुकडे माझ्यासमोर टेबलावर ठेवले. तेव्हापासून कामापुरतं बोलतात.

मला रडगाणं गायचं नाही. ती नोंद दुरुस्त करायची आहे. तिन्ही ओळी त्यांच्या नावावरून काढून माझ्या नावावर घ्यायच्या. कसं, ते सांग.

तुझी बहीण


२६ मार्च

ताई,

पत्र वाचून आईला दाखवलं नाही. एक दिवस रागात गेला, मग मीही काकांना "वय झालं" म्हणून उपदेश पाठवला होता ते आठवलं. खात्यातला माणूस असून एक तारीख ताडून पाहिली नाही. त्यांची माफी मागणारं पत्र वेगळं टाकलंय.

आता ऐक. तुमच्याकडच्या वाहतूक कार्यालयात लेखी अर्ज दे: गाडी मी चालवत होते, मालकाने चालवल्याची खूण मी चुकीची केली. तुझं लायसन्स, काकांचा जबाब. एकोणीस तारखेसाठी माझं पत्र आणि हॉस्पिटलचा कागद जोडतोय. प्रत्येक नोंदीमागे कॅमेऱ्याचा फोटो असतो. आमच्या मशीनवर तो उघडायला कोणाला वेळ नसतो, पण कार्यालयात उघडतात. तो मागून घे.

तिथला माणूस तुला परत पाठवायला बघेल. त्याच्या दृष्टीने दंड भरलेला आहे, फाइल बंद आहे. हलू नकोस.

आणि एक. एका वर्षात तीन म्हणजे तुझं लायसन्स तीन महिने रोखलं जाईल. व्हॅन जाईल. अर्ज देण्याआधी दुकानात सांगून टाक, नंतर कळलं तर ते वाईट दिसतं. तुला नव्याने सांगायला नको.

दादा


३ मे

प्रिय दादा,

या वेळी उशीर झाला तो कार्यालयाच्या फेऱ्यांमुळे. पाच झाल्या.

दुकानात आधी सांगितलं. मालकीणबाईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "व्हॅन तीन महिने दुसरा चालवेल. शिबिरं तूच करायची, कशी पोचतेस ते तुझं तू बघ." त्याहून जास्त मागायचा मला हक्क नव्हता.

कार्यालयातला माणूस तू सांगितलास तसाच निघाला. "बाई, लोक इथे दुसऱ्याच्या नावावर ढकलायला येतात, तुम्ही ओढून घ्यायला आलात. मिटलेला विषय कशाला उकरता? आजोबा थोडेच कुठे नोकरीला लागणार आहेत?"

म्हटलं, "मिटलेला नाही, चुकीचा लिहिलेला आहे. तो बरोबर लिहा."

"सोमवारी या."

सोमवारी गेले. मग गुरुवारी. चौथ्या वेळी मला बघून त्याने स्वतःच खुर्ची सरकवली. फोटो उघडले. दोन फोटोंत नुसती गाडीची पाठ, पण एकोणीस तारखेचा समोरून होता. त्याने मोठा केला. मी होते. चष्मा डोक्यावर चढवलेला, डावा हात कानाशी.

तो म्हणाला, "हे काय, फोन?"

"हो."

"फोनचं तर कलम लागलेलंच नाही यात."

"पण मी बोलत होते."

त्याने फोटो बंद केला. म्हणाला, "तेवढं राहू द्या बाई, मलाही घरी जायचंय." पण अर्जात ते वाक्य मी माझ्या हाताने लिहिलं. कोणाशी बोलत होते हे तू विचारणार. बाबांशीच. ते तुझ्याकडे ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसले होते आणि मला सांगत होते, मावशीला आत घेतलं, तू सावकाश जा कामावर.

बुधवारी निकाल लागला. तिन्ही ओळी माझ्या नावावर आल्या. उद्यापासून तीन महिने मी गाडीला हात लावायचा नाही.

काल बाबांना सुधारलेल्या नोंदीचा कागद दिला. वाचला, घडी घातली. म्हणाले, "कागद ठीक आहे. त्याच्या मशीनवर काय आहे?"

आम्ही चालत त्या चौकात गेलो. तोच तरुण पोलीस होता. बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि लायसन्स पुढे केलं. "टाका नंबर."

"काय झालं काका? कोणी अडवलं का?"

"कोणी नाही. तुम्ही टाका."

त्याने टाकला. "काही नाही यात. कोरं आहे."

"परत बघा."

"काका, काही नाही खरंच. मुदत आहे, सगळं आहे." मग आठवलं असावं, कारण त्याने बाबांकडे आणि गाडीविना आलेल्या आमच्या पायांकडे पाहिलं. "तुम्ही ते... मागच्या वेळी तीन होते ना?"

"ते माझे नव्हते," बाबा म्हणाले. "आता हिचा टाका."

मी लायसन्स काढून दिलं. त्याने नंबर टाकला, पडदा वाचला आणि सूर बदलला. "मॅडम, वर्षात तीन? आणि परवापासून लायसन्स रोखलंय तुमचं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

वाईट वाटलं, आणि तसं वाटायलाच हवं होतं. परत येताना बाबा दहा पावलं पुढे नव्हते. वाटेत सुट्या भागांच्या दुकानात शिरले आणि एक छोटा बल्ब घेतला. आज दुपारी गाडीचा मागचा दिवा उघडून बसले. तीन महिन्यांनी गाडीजवळ गेले ते असे. म्हटलं, "मी गॅरेजमधून करून आणला असता." ते म्हणाले, "त्या दिवशी थांबवलं ते यासाठी. तेवढी चूक खरी माझी होती."

मग विचारलं, उद्या शिबिराला तीस किलोमीटर जायचंय, सोडाल का? गाडीवर बसायची त्यांना अजून भीती आहे. दीड महिना स्वतःवर धरलेला संशय एका कागदाने जात नाही, हे मला दिसतंय, आणि तो मी घातलेला आहे. त्यांनी बल्ब घट्ट बसवला. मग म्हणाले, "शेजारी बसायचं. ब्रेक मारलास पायाने तर उतरवीन. आणि फोन मागच्या सीटवर."

हो म्हटलं.

मावशीला नमस्कार. तुझं माफीचं पत्र बाबांनी गाडीच्या कागदांबरोबर त्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलंय, सगळ्यात मागे. बाबांच्या डेपोतल्यासारखी रोजची वही मीही ठेवायला लागलेय; तीत आज एकच ओळ लिहिली, तीच इथे उतरवते आणि थांबते.

उद्या: सव्वाआठ वाजता खिळ्यावरची किल्ली काढून बाबांच्या हातात देणे.